एडिसन फोनोग्राफच्या काळ्या प्लेटवरच्या सोनेरी रेघा पुसताना निघत आहेत – काय करावं?

कर्णा_मडगाव

यंत्र एडिसन स्टँडर्ड, सिलिंडर वाजवणारं, ओकच्या पेटीतलं. मोटर व्यवस्थित फिरते, आवाजही येतो. मदत हवी आहे ती फक्त रंगासाठी.

बिडाच्या वरच्या प्लेटवरचा काळा रंग मूळचा आहे, पाचातले चार भाग शाबूत. कडेने दुहेरी सोनेरी रेघ आहे, एक जाड आणि आत एक बारीक. डाव्या मागच्या कोपऱ्यात गंजाचे तीन फोड आहेत, प्रत्येक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. सगळ्या प्लेटवर तपकिरी चिकट थर बसलाय, कारण चकाकी यावी म्हणून अनेक वर्षं खोबरेल लावलं गेलं आहे.

कर्णा पत्र्याचा, अकरा पाकळ्यांचा, काळा, पाकळ्यांवर सोनेरी रेघा. त्याचा एक-तृतीयांश रंग गेलाय आणि पाकळ्यांच्या जोडांतून गंज बाहेर येतोय.

सर्जिकल स्पिरिटात कापूस भिजवून मागच्या बाजूला पुसून बघितलं, तर दोन सेंटिमीटर रेघ कापसावर आली. तिथेच थांबलो. घर दर्यापासून दीड किलोमीटरवर आहे.

विचारायचं ते असं: चिकट थर कशाने काढावा? फोडांचं काय करावं? गेलेली रेघ परत कशी ओढावी? कर्णा गॅरेजमध्ये ड्युको (मोटारीचा फवारून मारायचा रंग) मारून घेतला तर चालेल का? आणि हे सगळं चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) होईल का?

---

चपडालाख

स्पिरिटपाशी थांबलात हे फार चांगलं केलंत. चवथीपूर्वी फक्त सफाई करा. रंगाचा ब्रश तुळशीच्या लग्नानंतर उचला. पावसाळ्याच्या दमट हवेत रंग नीट सुकत नाही.

आधी त्या काळ्या रंगाचे थर समजून घ्या, म्हणजे काय वापरायचं आणि काय नाही ते आपोआप कळेल. बिडावर आहे तो जपान ब्लॅक. अस्फाल्टम हे डांबराच्या जातीचं खनिज, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचं ते मिश्रण. त्याचे हात देऊन भट्टीत भाजतात, म्हणून तो इतका कडक होतो. त्याच्यावर सोनेरी रेघ, बहुतेक वेळा ब्राँझ पावडरची. आणि रेघेच्या वर लाखेचा किंवा राळेच्या व्हार्निशचा पातळ पारदर्शक हात. तुमची रेघ टिकून होती ती या शेवटच्या हातामुळे. लाख स्पिरिटात विरघळते. तुमच्या कापसाने आधी ती उचलली आणि तिच्यासोबत पावडर आली. खालचा काळा रंग तसाच राहिला, कारण अस्फाल्टम अल्कोहोलमध्ये विरघळत नाही.

म्हणून स्पिरिट, सॅनिटायझर, अॅसिटोन, एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचा थिनर, काहीच नको. आपल्याकडे जुन्या वस्तू फेणीने पुसण्याची सवय आहे, तीही नको. फेणीत बेचाळीस टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं आणि उरलेलं पाणी. अल्कोहोल लाख मऊ करतं आणि पाणी तिच्यात पांढुरका ढग सोडतं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. भांड्याचा साबण, धुण्याचा सोडा, अमोनियाचं काच-क्लिनर हेही टाळा, कारण लाख आम्लधर्मी आहे आणि क्षारात विरघळते. ब्रासोसारख्या पॉलिशमध्ये घासणारी पूड असते, ती चार हातांत रेघेच्या पार जाते. चिंच आणि कोकम समईला ठीक आहेत, पण इथे ते आम्ल रंगाच्या कडेखाली शिरून नवा गंज सुरू करतं. डब्ल्यूडी-४० पातळ असल्यामुळे सुटलेल्या पापुद्र्याखाली पसरतं आणि पापुद्रा उचलला जातो.

तुमच्या दृष्टीने चांगली गोष्ट ही की तो चिकट थर खोबरेलाचा आहे. जवसाचं तेल हवेत वाळून कातड्यासारखं होतं आणि मग निघता निघत नाही. खोबरेल तसं वाळत नाही. ते खवट होतं, धूळ धरतं, पण मिनरल टर्पेंटाइनमध्ये सुटतं. हार्डवेअरच्या दुकानात एमटीओ म्हणून मागा. लाखेला त्याने काही होत नाही.

तरीही आधी चाचणी. प्लेटच्या मागच्या कडेला, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, कापूसकाडीवर लिक्विड पॅराफिन घ्या (औषधाच्या दुकानात मिळतं) आणि न घासता नुसती काडी फिरवा. मग दुसऱ्या काडीवर एमटीओ. प्रत्येक काडीचा रंग पांढऱ्या कागदावर बघा. राखाडी किंवा मळकट तपकिरी असेल तर ती घाण आहे, पुढे जा. हिरवट असेल तर खवट तेलातल्या आम्लाने ब्राँझमधलं तांबं खाल्लं आहे. तिथे रेघेवरचं लाखेचं कवच आधीच फाटलंय असं समजा आणि रेघेला बगल देऊन काम करा. कॉफीसारखा गडद तपकिरी किंवा काळा आला, तर रंगच सुटतोय. लगेच थांबा आणि त्या भागावर फक्त पॅराफिन वापरा.

सफाई पाच सेंटिमीटर चौरसाच्या तुकड्यांत करा. आधी पॅराफिनची काडी, पाच मिनिटं मुरू द्या, कोरड्या काडीने उचला. मग एमटीओची काडी, पिळून जवळजवळ कोरडी केलेली, एका जागी अर्ध्या मिनिटाहून जास्त नाही. लगेच कोरडी काडी. काडी एकदा मळली की टाकून द्या. मळलेली काडी म्हणजे पॉलिश पेपरच. एका प्लेटला दीडशे-दोनशे काड्या सहज लागतात, तेवढ्या आधीच आणून ठेवा. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ समई-निरांजन काहीही पेटतं नको.

सगळं झालं की दोन दिवस तसंच राहू द्या. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेण (खनिज तेलापासूनचं, कडक), तांदळाच्या दाण्याएवढं, मऊ सुती कापडावर घेऊन तळहाताएवढ्या जागेत पसरा. वीस मिनिटांनी हलक्या हाताने पुसा. साधं मधमाश्यांचं मेण एप्रिल-मेच्या उष्म्यात मऊ पडून धूळ धरतं, म्हणून मायक्रोक्रिस्टलाइनच घ्या. एवढं चवथीपर्यंत आरामात होईल, आणि एवढ्यानेच प्लेट ओळखू येणार नाही इतकी खुलेल. फोडांना आणि जिथे पापुद्रे सुटलेत तिथे मेण लावू नका. मेणावर नंतर कुठलाच रंग धरत नाही.

---

बीड_आणि_पितळ

वर दिलेल्या सफाईत एक भर. प्लेटला हात लावण्यापूर्वी स्प्रिंगचा ताण पूर्ण उतरवा. ब्रेक सोडून यंत्र आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या. चावी भरलेली असताना मोटरचे स्क्रू सोडले तर स्प्रिंग एका झटक्यात सुटते आणि बोटं जायबंदी होतात. काढलेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर प्लेटचं चित्र काढून त्याच जागी खुपसून ठेवा. पेटंट आणि नंबरची पट्टी काढू नका आणि तिच्यावर रंगही जाऊ देऊ नका. यंत्राची ओळख तिच्यावरच आहे.

आता फोड. काळ्या रंगाखाली फोड येतो कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि रंगाला खालून ढकलतो. दर्याजवळ त्या गंजात मीठ असतं. मीठ न काढता वरून काहीही लावलं, तरी पुढच्या पावसात फोड त्याच जागी, थोडा मोठा होऊन परत येतो. सगळ्यात जास्त चूक इथे होते.

क्रम असा. भिंग लावा. ११ नंबरच्या सर्जिकल ब्लेडने फोडाचं फक्त सुटलेलं टोपण उचला. घट्ट बसलेली कड उकरू नका. आतली पूड बांबूच्या टोकदार काडीने किंवा ग्लास फायबर पेनने काढा. स्टील वूल नको. त्याचे तंतू कडेत अडकतात आणि खाऱ्या हवेत तेच गंजतात. मग डिस्टिल्ड वॉटरची काडी फिरवून लगेच टिपून घ्या, असं सहा-सात वेळा. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको. हेअर ड्रायरने कोमट हवा द्या, हात ठेवता येईल इतपतच.

त्यानंतर टॅनिक अॅसिड, ५ ग्रॅम १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये. काही जण ते स्पिरिटात करतात, पण तुमच्या प्लेटवर लाख आहे तेव्हा पाण्यातच. शून्य नंबरच्या ब्रशने फक्त उघड्या लोखंडावर लावा आणि ब्रश थोडा वेळ चोळत राहा, कारण या क्रियेला हवा लागते. चोवीस तासांनी दुसरा हात, गरज वाटली तर तिसरा. गंजाचा निळसर काळा, घट्ट थर होतो. रंगावर सांडलेला थेंब तिथल्या तिथे टिपा.

इथपर्यंत पावसाळ्यात करता येईल, फक्त प्रत्येक पायरीनंतर प्लेट झाकलेल्या खोक्यात सिलिका जेलसोबत ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो.

खड्डा भरणं मात्र कोरड्या दिवसांत. हार्डवेअरमधलं तेलावरचं काळं इनॅमल किंवा ब्लॅक जपान घ्या, एनसी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) नाही. एनसीचा थिनर बाजूची लाख उचलतो आणि कडेला सुरकुत्या पडतात. पीयू परत कधी काढता येत नाही. जुना जपान ब्लॅक कोळशासारखा काळा नसतो, उन्हात धरला की त्यात तपकिरी झाक दिसते. म्हणून वीस भाग काळ्यात एक भाग बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी तैलरंग मिसळा, नाहीतर ठिगळ निळसर दिसतं. टर्पेंटाइनने पातळ करून खड्ड्यात थेंब सोडा आणि ब्रशच्या टोकाने कडेपर्यंत न्या, कडेवर नको. एका वेळी पातळ थर, दोन दिवस सुकवा. असे चार ते सहा थर. एकदम जाड भरलं तर वरची साय वाळते, आतलं ओलं राहतं आणि महिन्याभराने तिथे खळगा पडतो.

समपातळीसाठी २००० नंबरचा वॉटर पेपर, खोडरबराच्या छोट्या तुकड्यावर गुंडाळून, पाण्याऐवजी लिक्विड पॅराफिन लावून. फक्त नव्या रंगावर फिरवा. आजूबाजूच्या जुन्या रंगावर मास्किंग टेप चिकटवू नका. टेप काढताना रेघेसकट लाख निघते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासू नका आणि हात धुतल्याशिवाय जेवू नका.

ज्यांच्या प्लेटवर मूळ रंग जवळजवळ उरलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गिल्सोनाइट (अस्फाल्टमचाच एक प्रकार) पूड, उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन मापाने समान, दोन-तीन दिवस मुरवून मलमलच्या कापडातून गाळलेलं. पातळ हात, रात्रभर ठेवून ९५ अंशांवर एक तास, मग १५० वर एक तास, शेवटी २०० वर एक तास, आणि भट्टीतच थंड होऊ द्यायचं. थेट २०० वर नेलं तर बुडबुडे येतात. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये कधीही नाही, धूर विषारी आणि पेट घेणारा असतो. जवस तेलाच्या चिंध्या गोळा करून फेकू नका, त्या आपोआप पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. कर्णा_मडगाव, तुम्हाला यातलं काहीही करायची गरज नाही.

---

दर्यादेग

कर्ण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. प्लेटला शक्य तितकं कमी छेडावं हे मान्य. पण कर्ण्याचा पत्रा पातळ असतो, आणि एक-तृतीयांश पत्रा उघडा ठेवून किनाऱ्याजवळ आणखी दोन पावसाळे काढले तर भोकं पडतील. कर्णा रंगवायलाच हवा. फक्त गॅरेजमध्ये नको.

गॅरेजमध्ये काय होईल ते सांगतो. आधी सगळा रंग थिनरने काढतील, मग पोचे दिसू नयेत म्हणून लांबी (पुट्टी) भरतील, वर रेड ऑक्साइडचा अस्तर-हात आणि ड्युको. लांबी ओल शोषते. कर्णा वाजताना थरथरतो, त्यामुळे पातळ पत्र्यावर तिला तडे जातात आणि पाकळ्यांच्या जोडांवरची धारदार कड बुजून जाते. रंग एक वर्ष मोटारीसारखा चमकेल आणि नंतर पापुद्र्यांनी पडेल. तोपर्यंत मूळ रेघांचा पुरावाही गेलेला असेल.

पोचे असू द्यात. पत्रा आतून ढकलला की वरचा भाजलेला रंग काचेसारखा तडकतो. आणि कर्णा तापवू नका. टोकाकडचे झाळकामाचे जोड १८३ अंशांच्या आसपास वितळतात.

करायचं ते असं. पाकळ्यांचे जोड दुमडलेले असतात, ओल आतच बसते. कर्णा उपडा टांगून कोमट हवेने प्रत्येक जोड नीट वाळवा. गंजावर वर सांगितलंय तसंच टॅनिक अॅसिड. मग रेघा सोडून, मूळ काळ्या रंगावर आणि उघड्या पत्र्यावर लाखेचा पातळ हात, १०० मिली स्पिरिटात १२ ग्रॅम मेणविरहित चपडा (पापुद्र्यांच्या रूपातली लाख). हा हात रंगासाठी नाही, मधला पडदा म्हणून आहे. त्याच्यावर तेलाचं इनॅमल फक्त गेलेल्या जागी. उद्या कोणाला तुमचा रंग काढायचा झाला, तर स्पिरिटाने लाखेचा पडदा विरघळेल, नवा रंग सुटेल आणि खालचा जपान ब्लॅक तसाच राहील. चपड्याचं द्रावण सहा महिन्यांपेक्षा जुनं वापरू नका, ते चिकटच राहतं.

जोडांच्या आत रंग भरू नका. तिथे पातळ केलेलं मेण केशाकर्षणाने आत शिरू द्या.

ऋतूबद्दल: गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या महिन्यांत लाख सुकताना हवेतलं पाणी ओढते आणि दुधाळ होते, तेलाचा रंग चार-चार दिवस बोटाला लागतो. आर्द्रतामापक साधासा मिळतो, तो घ्या. ६५ टक्क्यांच्या खाली असेल तरच ब्रश उचला. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहा ते एक ही वेळ बरी. भल्या पहाटे दंव असतं आणि दुपारनंतर दर्यावरून खारा वारा सुरू होतो.

---

लायनर_ब्रश

रेघांचं सांगतो. बाकीचं सगळं वर अचूक आलंय.

काही पुसण्याआधीच नोंद करा. पारदर्शक फिल्म प्लेटवर नुसती ठेवा (दाबायची नाही) आणि बारीक मार्करने रेघांची जागा, जाडी, कोपऱ्याची वळणं उतरवा. शेजारी स्टीलची मोजपट्टी ठेवून तिरप्या उजेडात फोटो काढा. जिथे सोनं गेलंय तिथेही तिरप्या उजेडात रेघेचा उंचवटा किंवा फिकी सावली दिसते. तिच्यावरूनच चालायचं, अंदाजाने नाही.

ब्रश लांब केसांचा हवा, केस वीस ते पंचवीस मिलिमीटर, नंबर ० किंवा ००. आखूड केसांच्या ब्रशात साइज (वर्ख किंवा पावडर चिकटवायचं द्रव) पुरत नाही, मध्येच उचलावा लागतो आणि तिथे गाठ पडते. लांब केस मनगटाचा कंपही गिळतात. करंगळी प्लेटच्या कडेला टेकवून तिचीच पट्टी करा आणि श्वास सोडत एका दमात ओढा. रेघेची जाडी दाबावर ठरते, म्हणून दाब बदलू नका. कोपऱ्याचं वळण वेगळं काढा, सरळ रेघेच्या टोकाशी मिळवून.

लांब रेघ नव्याने काढायची असेल तर आधी त्या भागावर शंखजिऱ्याची पूड मलमलच्या पुरचुंडीतून हलकी थोपटा, नाहीतर वर्ख किंवा पावडर जिथे नको तिथेही चिकटते. मग तेलाचं गोल्ड साइज, त्यात चिमूटभर पिवळी ऑकर, म्हणजे काळ्यावर दिसतं. बोटाच्या मागच्या सांध्याने तपासा: चिकटल्यासारखं वाटलं पाहिजे, पण ठसा उठता कामा नये. घाई केली तर साइज वर्खावर चढतं आणि सोनं मेलेलं दिसतं. उशीर झाला तर वर्ख धरतच नाही. तीन तासांचं साइज आपल्याकडच्या दमट हवेत पाच-सहा तासही घेतं, म्हणून डब्यावरच्या वेळेवर विसंबू नका.

बाजारातला स्वस्त पिवळा वर्ख पितळी असतो, दर्याकाठी हिरवा पडतो. घ्यायचा तर २३ कॅरेटचा. ब्राँझ पावडर वापरली तर तिच्यावर संरक्षक हात लागतोच. पण इथे सांभाळा: लाखेचा हात ब्रशने दिलात तर त्यातलं स्पिरिट शेजारची जुनी लाख पुन्हा विरघळवतं आणि जुनी रेघ फासली जाते. एअरब्रशने अगदी कोरडट फवारे द्या, प्लेट ओली दिसता कामा नये, दोन फवाऱ्यांत अर्धा तास. एअरब्रश नसेल तर लाखेऐवजी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेलं तेलाचं व्हार्निश, फक्त नव्या रेघेवर.

---

कर्णा_मडगाव

चाचणी केली. प्लेटवर काडी मळकट तपकिरी आली, दुसऱ्या काडीला जवळजवळ स्वच्छ. उजव्या कडेच्या रेघेपाशी मात्र हिरवट. कर्ण्यावर एमटीओची काडी काळी आली. आता कर्ण्यावर लाखेचा पडदा द्यावा का? आणि ती गेलेली दोन सेंटिमीटर रेघ वर्खाने भरू का?

---

चपडालाख

कर्ण्याची काडी काळी आली म्हणजे तिथला रंग नीट भाजलेला नाही, किंवा नंतर कुणीतरी मारलेला आहे. त्यावर एमटीओ बंद. सफाई फक्त लिक्विड पॅराफिनने. लाखेच्या पडद्याआधी एका कोपऱ्यात स्पिरिटाची काडी फिरवून बघा. तीही काळी आली तर पडदा देऊ नका. मग या वर्षी फक्त टॅनिक अॅसिड आणि मेण. जिथे पुढे रंग भरायचाय तेवढ्या जागा मेणाविना सोडा आणि तिथे चतुर्थीनंतर दर पंधरा दिवसांनी गंज पुन्हा आलाय का ते बघा. हिरव्या कडेला सध्या कोरड्या काडीशिवाय काही नको.

---

लायनर_ब्रश

दोन सेंटिमीटरला वर्ख नको. जुन्या, थोड्या काळवंडलेल्या ब्राँझशेजारी ताजा वर्ख दिव्यासारखा चमकेल. गडद सोनेरी ब्राँझ पावडर व्हार्निशमध्ये कालवून थेट ब्रशने ओढा, सुकल्यावर रॉ सिएना या पिवळसर तपकिरी रंगाचा अगदी पातळ हात द्या. रंग जुळतोय का ते आधी काळ्या रंगवलेल्या डब्याच्या झाकणावर बघा, आणि झाकण प्लेटशेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात तपासा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात हमखास वेगळा दिसतो.

---

कर्णा_मडगाव

देव बरें करूं, सगळ्यांचे आभार. काड्या, पॅराफिन आणि आर्द्रतामापक आणले. आत्ता घरात आर्द्रता ८८ टक्के दाखवतोय. स्प्रिंग उतरवून प्लेट काढली आहे, आधी फिल्मवर रेघा उतरवून घेतो.